एक बेट, दोन शिरगणत्या

१९४७ साली वॉर्ड गुडइनफ हा तरुण अमेरिकी मानवशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातल्या रोमोनम बेटावर घरोघरी फिरला. कोणत्या घरात कोण राहतं आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, याची त्याने नोंद केली. तीन वर्षांनी जॉन फिशर यांनी त्याच बेटावर तशीच नोंद पुन्हा केली. बेटाची वस्ती जेमतेम दोन-अडीचशे. दोघेही मानवशास्त्रात तयार झालेले, आणि लग्नानंतर जोडपं कुणाकडे राहतं हे ठरवण्यासाठी दोघांनीही त्या काळी रूढ असलेले तेच प्रकार वापरले.

आकडे मात्र जुळले नाहीत. बायकोच्या माणसांत राहणारी जोडपी गुडइनफ यांच्या हिशेबात ७१ टक्के निघाली, फिशर यांच्या हिशेबात ५८. नवऱ्याच्या मामाकडच्या माणसांत राहणारी एकाकडे १५ टक्के, दुसऱ्याकडे १०. खरा धक्का तिसऱ्या आकड्याचा होता. नवऱ्याच्या बापाकडे राहणारी जोडपी फिशर यांना ३२ टक्के दिसली, गुडइनफ यांना फक्त १ टक्का.

बत्तीस आणि एक! पहिला आकडा घेतला तर रोमोनमची माणसं लग्नानंतर बायकोकडेही जातात आणि बापाकडेही राहतात, म्हणजे हा दोन्ही बाजूंना मोकळा समाज आहे, असं म्हणावं लागतं. दुसरा घेतला तर बापाकडे राहणं हा इथे पर्यायच नाही. वाचनालयात बसून जगभरच्या समाजांची तुलना करणारा अभ्यासक यांपैकी ज्याचा अहवाल हाती लागेल त्यावर विसंबून या बेटाला एका किंवा दुसऱ्या रकान्यात टाकणार. ही विसंगती गुडइनफ यांनी १९५६ मध्ये एका लेखात स्वतःच मांडली. कुटुंब, नातं आणि वास्तव्य यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात कुणी आळस केला नव्हता, कुणी खोटं लिहिलं नव्हतं, आणि तरीही एका गावाची दोन गावं झाली.

साधी उत्तरं आधी बाजूला करू. तीन वर्षांत बेटच बदललं असेल का? एवढ्या थोड्या काळात एक टक्क्याचे बत्तीस टक्के व्हायला जवळजवळ एक तृतीयांश जोडप्यांनी बिऱ्हाड हलवायला हवं होतं. तसं काही घडलं नव्हतं. कुणाची नावं निसटली असतील का? तेही नाही. कोण कुठे राहतं याबद्दल दोघांचं दुमत नव्हतंच. दुमत होतं ते त्या राहण्याला म्हणायचं काय, याबद्दल.

बेट आणि घराणी

रोमोनम हे ट्रुक नावाच्या मोठ्या लगूनमधलं एक बेट. प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या पाण्यात ज्वालामुखीतून वर आलेली डोंगराळ बेटं, अशी तिथली रचना. कॅरोलाइन द्वीपसमूहाचा हा भाग १८९९ पासून जर्मनांकडे होता, १९१४ पासून जपान्यांकडे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात आला. आज तो मायक्रोनेशियाच्या संघराज्यातलं एक राज्य आहे. १९४७ मध्ये गुडइनफ तिथे गेले ते अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक यांच्या नेतृत्वाखालच्या पथकातून. फिशर त्या वेळच्या अमेरिकी प्रशासनासाठी मानवशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. म्हणजे एकाला समाजाची घडण समजून घ्यायची होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी प्रशासनाची गरजही होती. आकड्यांतल्या फरकाचं कारण मला यात दिसत नाही, पण दोघे तिथे कशासाठी होते हे ठाऊक असलेलं बरं.

इथली शेती नांगराची नाही. मुख्य अन्न नीरफणसाचं. झाडं पिढ्यानपिढ्या टिकतात, हंगामात भरभरून देतात, आणि वाढीव फळं खड्ड्यांत आंबवून पुढच्या महिन्यांसाठी ठेवली जातात. सखल ओलसर जागी अळकुड्यांचे वाफे, किनाऱ्याशी नारळ, बाहेर उथळ पाण्यात मासे. अशा ठिकाणी माणसाला जगवते ती झाडं आणि जमीन यांवरची मालकी, आणि ही मालकी मुख्यतः घराण्याची असते. घराणं चालतं आईकडून. मूल आईच्या घराण्याचं, आईच्या आईच्या घराण्याचं. बाप त्याच घरात राहत असला, मुलांना खेळवत असला, मासे आणून घालत असला, तरी तो दुसऱ्या घराण्याचा माणूस.

बापाकडून मुलांना काहीच मिळत नाही असं मात्र नाही, आणि हे नीट लक्षात घ्यायला हवं. बाप आपल्या मुलांना जमिनीचा तुकडा किंवा झाडं देऊ शकतो. जमीन आणि तिच्यावरची झाडं हे हक्क वेगवेगळे असू शकतात, आणि दिल्यावरही देणाऱ्याच्या घराण्याचा मागचा हक्क पूर्ण सुटत नाही. घेणाऱ्यांनी त्या जमिनीतलं काही देणाऱ्यांकडे पोचवत राहायचं, त्यांचा मान ठेवायचा. म्हणून बापाच्या घराण्याशी मुलांचं नातं जिव्हाळ्याचं असतं, पण ते पाहुण्याच्या नात्याच्या जवळ जातं. आईच्या घराण्यात मात्र ती घरची.

आणखी एक रीत इथे निर्णायक ठरते. वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांपासून अंतर राखतात. भाऊ बसलेला असेल तर बहिणीने त्याच्यासमोरून वाकून जायचं. दोघांनी एका छपराखाली झोपणं बसत नाही, त्यामुळे वयात आलेले मुलगे पूर्वी घराण्याच्या मोठ्या सभाघरात झोपायला जात. आता विचार करा: घराण्याच्या बायका, म्हणजे आई, मावश्या, बहिणी, एकत्र एका घरात किंवा शेजारशेजारच्या घरांत राहतात. त्या घरात त्यांचे भाऊ राहू शकत नाहीत. राहतात ते त्यांचे नवरे, जे इतर घराण्यांतून आलेले असतात. घराण्याचा वडीलधारा पुरुष जमिनीचे निर्णय घेतो, पण रात्री तो बायकोच्या घराण्यात असतो. बहुसंख्य जोडपी बायकोकडे राहतात याचं कारण असं रोजच्या जगण्यात रुतलेलं आहे.

एक घर, दोनदा वाचलेलं

आता तो बत्तीस आणि एकचा घोळ. तो उलगडण्यासाठी मी एक घर रचतो. हे नोंदीतलं कुठलं विशिष्ट घर नाही, पण तिथल्या नियमांनी अगदी शक्य असलेलं आहे.

एका घरात म्हातारा आणि म्हातारी आहेत. त्यांचे दोन मुलगे आहेत, दोघांच्या बायका आहेत, नातवंडं आहेत. यादी घेऊन दारात उभा राहिलेला माणूस विचारतो: हे दोघे कुणाचे मुलगे? या म्हाताऱ्याचे. लग्न झालंय? हो. बायका कुठून आल्या? दुसऱ्या घरांतून. झालं. मुलगे बापाकडे राहतात, सुना आणल्या आहेत. रकान्यात 'पितृस्थानीय' अशी दोन जोडपी जातात. फिशर यांच्या हिशेबात अशा घरांतून ती संख्या वाढत गेली.

पण त्या घराची जमीन कुणाची, हे विचारून बघा. समजा ती म्हातारीच्या घराण्याची आहे. म्हणजे म्हातारा स्वतः इथे बायकोकडे राहायला आलेला माणूस आहे, तीस-चाळीस वर्षांपूर्वी आलेला. मुलगे आईच्या घराण्याचे, म्हणजे ज्या जमिनीवर ते राहतात त्याच घराण्याचे. त्यांना बहीण झाली नाही, किंवा झाली ती वाचली नाही. घराणं चालवणारी बाईच पुढच्या पिढीत नाही. मग घर ओस पडू द्यायचं की मुलग्यांनी बायका इथे आणायच्या? भाऊ-बहिणीच्या अंतराची अडचण उरलेली नाही, कारण बहीणच नाही. त्यांनी बायका आणल्या.

हे जोडपं बापाकडे राहतं का? बाप त्याच छपराखाली आहे हे खरं. पण तो आहे म्हणून ते इथे राहत नाहीत. उद्या तो वारला किंवा आपल्या बहिणींच्या घराण्याकडे निघून गेला तरी मुलांचं इथलं राहणं तसूभर हलणार नाही. ते आपल्याच घराण्याच्या जमिनीवर आहेत. गुडइनफ यांच्या हिशेबात हे नवऱ्याच्या मातृघराण्यात राहणं झालं. त्याला मानवशास्त्रात 'मातुलस्थानीय' म्हणतात, म्हणजे मामाकडचं. इथे एक गंमतशीर वाटणारी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे: त्या घरात मामा कुठेच नाही. मामा आपल्या बायकोकडे राहतो आहे. शब्द मामाचा, छप्पर बापाचं दिसणारं, आणि हक्क आईचा.

आता हेच घर पुन्हा घ्या. तीच माणसं, तीच वयं, तीच नाती. फक्त जमीन म्हाताऱ्याच्या घराण्याची आहे. म्हातारी दुसऱ्या बेटावरची, तिच्या घराण्याची इथे जमीन नाही. मुलग्यांच्या बायकांकडेही त्यांना सामावून घेण्याजोगी जागा नव्हती. बापाच्या घराण्याने त्यांना राहू दिलं. हे खरोखर बापाकडे राहणं आहे. इथे मुलगे पाहुण्यांच्या जवळचे आहेत. बाप गेल्यावर त्यांना राहू द्यायचं की नाही, कोणती झाडं त्यांच्याकडे ठेवायची, हे बापाचे भाऊ आणि भाचे ठरवणार. त्यांनी मान राखला, देणं पोचवलं, तर राहतील. बिनसलं तर त्यांच्या हातात फार काही नाही.

यादीच्या कागदावर ही दोन घरं हुबेहूब सारखी दिसतात. एकात मुलगे मालक, दुसऱ्यात आश्रित. बाप जाण्याच्या दिवशी एका घरात फक्त रडारड असेल, दुसऱ्यात रडारडीबरोबर राहत्या जागेचाही प्रश्न उभा राहील.

मला वाटतं, या प्रकरणाचा जीव इथे आहे. नोंद चुकीची नव्हती, पण नोंदीला विचारलेला प्रश्न त्या लोकांचा नव्हता. लग्न ठरताना रोमोनमवरचा माणूस 'आई-वडिलांकडे राहू की सासू-सासऱ्यांकडे' असा विचार करत नाही. त्याच्यापुढे प्रश्न असतो तो कोणत्या घराण्याच्या वस्तीत राहायचं, हा. बायकोचं घराणं की माझं? बहुतेक वेळा बायकोचं. तिच्या घराण्यात बायका पुरेशा नसतील, जागा नसेल, किंवा ती लांबच्या बेटावरची असेल आणि माझ्या घराण्यात स्त्रियांची वानवा असेल, तर माझं. दोन्ही जमत नसेल तर माझ्या बापाचं किंवा तिच्या बापाचं घराणं काही दिवस आसरा देईल का ते बघायचं. 'बाप' नावाचा माणूस या निवडीत स्वतंत्र पर्याय म्हणून जवळपास येतच नाही. येतो तो शेवटी, आणि तेही आपल्या घराण्याचं दार म्हणून.

शब्दांचा भार

मग 'पितृस्थानीय' हा रकाना आला कुठून? तो आला ज्या समाजांत बापाचं घर हेच मुलाचं घर असतं अशा समाजांच्या अनुभवातून. तिथे बाप, जमीन, कूळ, आडनाव, छप्पर हे सगळं एकाच माणसात एकवटलेलं असतं, त्यामुळे 'बापाकडे राहतो' एवढं सांगितलं की बाकीचं सांगावं लागत नाही. मराठीही अशीच घडलेली आहे. आपण 'ती सासरी गेली' म्हणतो, 'तो घरजावई झाला' म्हणतो. पहिल्या वाक्यात काही विशेष घडलेलं नाही, दुसऱ्यात घडलेलं आहे. रोमोनमचं वर्णन या शब्दांत करायला गेलं तर बेटावरचे बहुतेक पुरुष घरजावई ठरतात आणि शब्दाला अर्थच उरत नाही. जिथे बहुतेक जण जातात तिथे त्या जाण्यात उणेपणा नसतो. इथली भाषा वापरून तिथलं घर सांगताना केवढी काळजी घ्यावी लागते, हे या एका उदाहरणावरून कळतं.

फिशर यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हे प्रकरण अनेकदा 'गुडइनफ बरोबर, फिशर चूक' असं आटोपलं जातं. पहिल्या वाचनात मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. फिशर यांनी लेबलं रूढ व्याख्येप्रमाणेच लावली होती. मुलगा बापाबरोबर राहत असेल तर पितृस्थानीय, अशीच ती व्याख्या वाचली जात होती. गुडइनफ यांना वेगळं दिसलं कारण ते जमिनीच्या मालकीचा आणि घराण्यांच्या घडणीचा बारकाईने अभ्यास करत होते, आणि १९५१ मध्ये त्यांनी ट्रुकमधली मालमत्ता आणि नाती यांवरचं पुस्तकही प्रसिद्ध केलं. त्यांच्या हातात यादीच्या बाहेरचा नकाशा होता. फिशर यांनी १९५८ मध्ये उत्तरादाखल शिरगणतीतल्या वास्तव्याच्या वर्गीकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. जोडप्याला एक शिक्का मारण्यापेक्षा घरातला प्रत्येक माणूस कुणाच्या नात्याने तिथे राहतो, हे लिहावं, असा त्यांचा कल होता. वरच्या आपल्या घराला हे लावून पाहा: म्हातारा म्हातारीच्या नात्याने, मुलगे आईच्या नात्याने, सुना नवऱ्यांच्या नात्याने. गुंता बराचसा सुटतो. वादातून दोघांचंही काम पुढे गेलं.

गुडइनफ यांनी आपल्या लेखात आणखी एका समाजाचा दाखला दिला होता, पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावरच्या नाकानाई लोकांचा. तिथे गोम काळाची आहे. बाप जिवंत असेपर्यंत मुलगा बापाच्या वाडीत राहतो. बाप गेल्यावर आईकडच्या माणसांकडे जाण्याची ओढ लागते. शिरगणती एका दिवशी होते. त्या दिवशी काही पुरुष बापाकडे दिसतात, काही मामाकडे, आणि वाचणारा म्हणतो की या लोकांचा काही ठराविक नियमच नाही. नियम आहे, फक्त तो एका दिवसात मावत नाही. रोमोनमच्या घरालाही हेच लागू आहे. आज दिसणारं घर हे कुठल्या तरी मृत्यूच्या आधीचं किंवा नंतरचं, कुठल्या तरी मुलीच्या जन्माच्या आधीचं किंवा नंतरचं घर असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. प्रत्येक समाजाचं वर्णन त्याच्याच निवडींच्या भाषेत करायचं तर दोन समाजांची तुलना कशी करणार? आधी तिथल्या लोकांचा निर्णय त्यांच्या दृष्टीने समजून घ्या, आणि मग त्या समजुतीवरून तुलनेचे रकाने भरा, हा गुडइनफ यांचा क्रम मला पटतो. तुलना सोडायची नाही, ती दुसऱ्या पायरीवर ठेवायची. याची किंमत वेळेत मोजावी लागते. दोनशे माणसांच्या बेटावर प्रत्येक जमिनीचा इतिहास विचारता येतो. मोठ्या शिरगणतीत ते शक्य नाही, आणि तिथे 'कुटुंबप्रमुखाशी नातं' एवढाच रकाना उरतो. तो रकाना निरुपयोगी नाही, पण त्यावरून लोकांनी काय निवडलं हे सांगता येत नाही. किती माणसं कुणासोबत दिसली एवढंच सांगता येतं. या दोन वाक्यांतली सीमा अहवाल लिहिताना रोज पुसली जाते, आणि याचा मला खरोखर त्रास होतो.

मग दारात उभं राहून विचारायचं काय? 'तुम्ही कुणाकडे राहता' या प्रश्नाला रोमोनमवर खरं उत्तर मिळेल आणि तरी ते अपुरं असेल. या घराची झाडं कुणी लावली, कुणाला विचारल्याशिवाय तोडता येणार नाहीत? पहिल्या फळांचा वाटा कुणाकडे पोचवावा लागतो? घरात मुलगी जन्मली तर ती मोठी होऊन कुठे राहील? आणि त्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून, थोड्या संकोचाने: हे उद्या नसले, तर तुम्ही इथून जाल का, आणि ते कोण ठरवेल?